दर्या की दऱ्या? मुक्तस्रोत गेम-इंजिने आणि मराठी अक्षराची कसोटी

बीजसंज्ञा : मुक्तस्रोत आज्ञावली, गेम-इंजिन, देवनागरी, जोडाक्षर, गोदो, वेसनॉथ, मांडवा

१. प्रस्तावना

मराठी समीक्षेने कविता, कथा, नाटक यांच्या बरोबरीने लोककला आणि चित्रपट यांचाही गंभीरपणे विचार केला आहे. व्हिडिओ गेम या माध्यमाच्या वाट्याला मात्र आपल्याकडे प्रामुख्याने दोनच प्रकारचे लेखन आले. एक पालकांच्या चिंतेचे आणि दुसरे रोजगाराच्या संधींचे. हे माध्यम कथा सांगते, नियमांच्या आधारे एखादे जग उभे करते आणि खेळणाऱ्याला त्या जगात निर्णय घ्यायला लावते. तेव्हा त्याची चिकित्सा हेही समीक्षेचेच काम आहे, हे प्रस्तुत लेखाचे गृहीत आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय खेळांपेक्षा थोडा अलीकडचा आहे. कोणताही व्हिडिओ गेम एका पायाभूत आज्ञावलीवर उभा असतो. पडद्यावर चित्र उमटविणे, वस्तूंची हालचाल व टक्कर मोजणे, ध्वनी वाजविणे, खेळणाऱ्याची आज्ञा स्वीकारणे आणि अक्षरे दाखविणे ही कामे ती करते. तिला गेम-इंजिन म्हणतात. ज्या इंजिनाचा सोर्स कोड कोणालाही पाहता, बदलता आणि पुन्हा वाटता येतो ते मुक्तस्रोत इंजिन होय. अशा इंजिनांची स्तुती आपल्याकडे बहुधा ‘फुकट मिळते’ या एकाच गुणासाठी केली जाते. हा निकष अपुरा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मराठी वाचकाच्या दृष्टीने खरा प्रश्न असा की, या इंजिनाला आपले अक्षर लिहिता येते काय. आणि येत नसेल तर ते दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाकडे आहे?

या प्रश्नाची तपासणी करण्यासाठी रायगड किनाऱ्यावरील मांडवा हे ठिकाण समोर ठेवले आहे. मांडव्याचे नाव देशभर पोहोचले ते ‘अग्निपथ’ (१९९०) या हिंदी चित्रपटामुळे. मार्च २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो बोट सुरू झाली आणि मुंबईची वाहने थेट या किनाऱ्यावर उतरू लागली. थोडक्यात, या गावाचे चित्र इतरांच्या भाषेत रंगविले जाण्याचा अनुभव नवा नाही. उद्या याच किनाऱ्यावर एखादा खेळ रचला गेला, तर त्यात मांडवा केवळ देखावा म्हणून येईल की स्वतःच्या भाषेसह येईल, हे काही अंशी इंजिनावर अवलंबून असणार आहे.

२. पहिली पिढी : खुला कोड, जुनी कल्पना

मुक्तस्रोत इंजिनांच्या इतिहासात ‘इड सॉफ्टवेअर’ या अमेरिकी कंपनीचे स्थान महत्त्वाचे आहे. या कंपनीने १९९७ मध्ये ‘डूम’ या गाजलेल्या खेळाचा सोर्स कोड खुला केला. पुढे १९९९ मध्ये ‘क्वेक’चा आणि २००५ मध्ये ‘क्वेक ३ अरीना’चा कोड जीपीएल या परवान्याखाली जाहीर झाला. जीपीएलची अट अशी की, बदललेली आज्ञावली इतरांना द्यायची असेल तर तिचा कोडही त्याच अटींवर द्यावा लागतो.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. कंपनीने इंजिन खुले केले, पण चित्रे, ध्वनी आणि नकाशे खुले केले नाहीत. त्यामुळे स्वयंसेवकांना आशयाची सामग्री नव्याने घडवावी लागली. ‘फ्रीडूम’, ‘ओपनअरीना’ आणि ‘क्वेक’च्या वंशातील ‘झोनॉटिक’ हे खेळ या गरजेतून आले. तांत्रिकदृष्ट्या ही कामगिरी मोठी आहे. तथापि, समीक्षेच्या दृष्टीने पाहता या खेळांवर मूळ खेळांची छाया दाट आहे. तीच बंद दालने, तीच शस्त्रे, तोच वेग. इंजिन ज्या खेळासाठी घडले त्या खेळाची जगाकडे पाहण्याची रीत त्या इंजिनात मुरलेली असते, आणि केवळ परवाना बदलल्याने ती बदलत नाही, हा या पिढीचा धडा होय. मुक्तता ही नवनिर्मितीची अट असू शकते. ती नवनिर्मितीची हमी नव्हे.

३. वेसनॉथ आणि खांदेरी

या मर्यादेला छेद देणारे उदाहरण म्हणजे ‘बॅटल फॉर वेसनॉथ’. डेव्हिड व्हाइट यांनी २००३ मध्ये सुरू केलेला हा आळीपाळीने खेळावयाचा युद्धखेळ आहे. षटकोनी घरांच्या पटावर सैन्ये हलतात. घर कोणत्या भूमीचे आहे आणि सैनिक कोणत्या जातकुळीचा आहे, यावर हालचालीची किंमत ठरते. त्याची कल्पनासृष्टी युरोपीय अद्भुतकथांच्या परिचित वळणाची आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु त्याची रचना अशी की, नवी मोहीम लिहिण्यासाठी मूळ कोडला हात लावावा लागत नाही. पात्रे, नकाशे, संवाद आणि नियम हे साध्या मजकुराच्या धारिकांमध्ये एका सोप्या खूणभाषेत लिहिले जातात. इतिहासाचा किंवा भाषेचा अध्यापकही थोड्या सरावाने ती लिहू शकतो.

हे केवळ सैद्धांतिक राहू नये म्हणून मांडव्यासमोरच्या समुद्राकडे पाहू. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली आणि मुंबईच्या इंग्रजांशी संघर्ष उद्भवला. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या हाताखालील मराठ्यांची हलकी गलबते रात्रीच्या वेळी उथळ पाण्यातून निसटून बेटाला रसद पोहोचवीत; इंग्रजांची मोठी जहाजे त्यांना रोखू शकली नाहीत. पुढे १६८० मध्ये सिद्दीने शेजारची उंदेरी तटबंद केली. हीच खांदेरी २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांतील बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाली.

आता वेसनॉथच्या नियमांत उथळ पाणी आणि खोल पाणी हा भेद मुळातच आहे. गलबताला उथळ पाणी स्वस्त आणि अवजड जहाजाला महाग, एवढा एक नियम लिहिला की खांदेरीच्या संघर्षाचे मर्म खेळणाऱ्याला व्याख्यानाशिवाय कळेल. चित्रपट हा प्रसंग दाखवू शकतो, कादंबरी तो वर्णू शकते. पण आपले जहाज मोठे असूनही बेटापाशी पोहोचत नाही, ही इंग्रज कप्तानाची अगतिकता खेळच अनुभवास आणून देईल. माध्यमाचे सामर्थ्य येथे आहे. शिवाय हा खेळ अक्षरमांडणीसाठी ‘पँगो’ या मुक्त ग्रंथालयाचा आधार घेत असल्याने देवनागरी जोडाक्षरे जुळविण्याची सोय त्याच्यात आहे, आणि भाषांतरेही स्वयंसेवकांकडून स्वीकारली जातात.

४. गोदो : उदार परवाना आणि त्याचे फळ

अलीकडच्या काळात मुक्तस्रोत इंजिनांची चर्चा ‘गोदो’भोवती केंद्रित झाली आहे. वान लिनिएत्स्की आणि एरियल मान्सूर या अर्जेंटिनातील दोघांनी घडविलेले हे इंजिन २०१४ मध्ये एमआयटी परवान्याखाली खुले झाले. त्याचे नाव सॅम्युएल बेकेटच्या नाटकावरून घेतले आहे. एमआयटी परवाना जीपीएलपेक्षा सैल आहे. गोदोवर केलेला खेळ बंद ठेवून विकता येतो; इंजिनाच्या कर्त्यांना त्यातून काही द्यावे लागत नाही.

या उदारतेचे मोल २०२३ मध्ये स्पष्ट झाले. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये ‘युनिटी’ या बहुप्रचलित खासगी इंजिनाच्या कंपनीने ठरावीक मर्यादेपलीकडे खेळाच्या प्रत्येक नव्या स्थापनेमागे शुल्क आकारण्याचे जाहीर केले. विकसकांत संताप उसळला. कंपनीला आधी अटी सौम्य कराव्या लागल्या, ऑक्टोबरमध्ये तिचे मुख्य कार्यकारी अधिकारी पायउतार झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ते शुल्क रद्द झाले. शुल्क गेले, पण ज्या हत्यारावर आपली उपजीविका आहे त्याच्या अटी दुसरा कोणी एका रात्रीत बदलू शकतो, ही जाणीव राहिली. अनेकांचे लक्ष गोदोकडे वळण्यास ही घटना कारण ठरली.

मांडव्याच्या कोळ्याला हे निराळ्या शब्दांत सांगण्याची गरज नाही. बोटीचे इंजिन बंद पडले तर ते गावात उघडता येते की कंपनीच्या माणसाची वाट पाहावी लागते, यावर त्याचा हंगाम ठरतो.

गोदोवरील खेळांचा गुणात्मक विचार करता चित्र आशादायक आहे. ‘क्रुएल्टी स्क्वॉड’ (२०२१) हा फिनलंडमध्ये घडलेला खेळ मुद्दाम डोळ्यांना टोचणारे रंग व ओबडधोबड पोत वापरून कंत्राटी मारेकऱ्याचे जग उभे करतो. त्यात शेअर आणि मानवी अवयव यांची खरेदी-विक्री सारख्याच सहजतेने होते. विद्रूपता येथे शैली नसून आशय आहे. ‘डोम कीपर’ (२०२२) जमिनीखाली खणत राहण्याचा मोह आणि वर घुमटावर येणारे संकट यांच्यातील ताण अत्यंत काटकसरीने सांभाळतो. ‘बकशॉट रूलेट’ (२०२३) एक टेबल, एक बंदूक आणि एक प्रतिस्पर्धी एवढ्यावर नाट्य उभे करतो. या तिन्ही खेळांमध्ये समान काही असेल तर ते हे की, अल्प मनुष्यबळ असलेल्या निर्मात्यांनी मोठ्या कंपन्यांची नक्कल करण्याचे टाळले आणि साधनांची मर्यादा हेच रूपाचे तत्त्व मानले. पहिल्या पिढीच्या तुलनेत ही प्रगती निश्चितच मोठी आहे.

तरीही एक गोष्ट नोंदविणे अगत्याचे आहे. इंजिन खुले असले तरी त्यावर विकला जाणारा खेळ बहुधा बंदच असतो. वेसनॉथमधील चुकलेले अक्षर वाचक स्वतः सुधारू शकतो. गोदोवरील बंद खेळातील अक्षर मात्र कर्त्याच्या मर्जीवर राहते. परवान्यांच्या चर्चेत हा फरक आपल्याकडे सहसा लक्षात घेतला जात नाही.

५. अक्षराची कसोटी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. देवनागरी लिपी संगणकाच्या पडद्यावर दाखविणे म्हणजे एकापुढे एक चिन्हे ठेवणे नव्हे. साठविताना ‘कि’ या अक्षरात आधी क आणि मागून ऱ्हस्व वेलांटी येते. दाखविताना मात्र वेलांटी क च्या डावीकडे न्यावी लागते. र् पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. ‘आंग्रे’मध्ये र ग च्या पायाशी जातो. ही सर्व पुनर्रचना करणारा स्वतंत्र घटक इंजिनात असावा लागतो. तो नसेल तर ‘किनारा’ हा शब्दसुद्धा ‘कनिारा’सारखा दिसतो.

मराठीची अडचण येथेच संपत नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. पहिल्यात रफार आहे, दुसऱ्यात आडवा अर्धा र. हा भेद हिंदीला लागत नाही. मराठीत त्यावर अर्थ अवलंबून आहे. युनिकोडमध्ये आडवा र लिहिण्याच्या दोन रीती आहेत. एक ऱ या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून, दुसरी र, हलन्त आणि न दिसणारे शून्य रुंदीचे जोडचिन्ह वापरून. इंजिनाला ही पुनर्रचना येत नसेल तर दोन्ही शब्द हलन्ताशी फुटतात. आणि दुसऱ्या रीतीने लिहिलेले ‘दऱ्या’ तर ‘दर्या’हून वेगळे ओळखू येईलच असे नाही. ‘किनाऱ्यावरून दर्या दिसतो’ हे मांडव्यावरील खेळातले अगदी पहिले वाक्य असू शकेल. त्यात वेलांटी, आडवा र आणि रफार हे तिन्ही आहेत. वारा, किनारा, दर्या हे या किनाऱ्याचे रोजचे शब्द. त्यांची रूपेच इंजिनाची परीक्षा घेतात.

या कसोटीवर गोदोचा इतिहास उद्बोधक आहे. तिसऱ्या मालिकेपर्यंत गोदोमध्ये जटिल लिपींची मांडणी नव्हती. १ मार्च २०२३ रोजी आलेल्या ४.० या आवृत्तीत नवा अक्षर-घटक समाविष्ट झाला. त्यासाठी ‘हार्फबझ’ या मुक्त ग्रंथालयाचा वापर करण्यात आला. क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइड यांमध्ये अक्षरे जुळविण्याचे काम हेच ग्रंथालय करते; त्याचे फारसी नाव ‘खुले अक्षर’ अशा अर्थाचे आहे. दृश्यकादंबऱ्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘रेनपाय’ या २००४ पासूनच्या मुक्तस्रोत इंजिनातही २०२३ मध्येच हार्फबझ आले. संवाद आणि निवेदन हाच ज्याचा प्राण आहे अशा या इंजिनात मराठी कथनपरंपरेला विशेष वाव आहे.

या घटनाक्रमाचे दोन अर्थ निघतात. पहिला, मुक्तस्रोत असल्यामुळे ही दुरुस्ती शक्य झाली. अरबी, हिब्रू आणि भारतीय लिपींची गरज एकाच उपायाने भागली. बाजारपेठेचा आकार कोणी विचारला नाही. दुसरा अर्थ तितकाच महत्त्वाचा, पण कमी सुखावह आहे. २०१४ ते २०२३ अशी नऊ वर्षे कोड सर्वांसमोर उघडा होता आणि अक्षरे तुटतच होती. दार उघडे असणे आणि कोणी आत जाऊन काम करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

दुरुस्तीनंतरही काम शिल्लक राहते. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला व लिपीचे प्रमाणीकरण केले. मराठी वळणाचे ल आणि श हिंदीहून भिन्न आहेत. काही टंकांमध्ये दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा मराठी असल्याचे सांगितले तर योग्य वळण निवडले जाते. गोदोमध्ये मजकुराची भाषा नोंदविण्याची सोय आहे. परंतु ती नोंद करणारा विकसक आणि तसा टंक, दोन्ही असावे लागतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेला ‘मुक्त’ हा देवनागरी टंक खुल्या परवान्यावर उपलब्ध आहे, हे येथे सांगितले पाहिजे. म्हणजे साखळीतील इंजिन, अक्षर-घटक आणि टंक या तिन्ही कड्या आज मुक्त आहेत. उणीव आहे ती मराठीत लिहिणाऱ्याची.

६. ‘राजी’ : देखाव्यातील भारत

तुलनेसाठी पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ (२०२०) हा खेळ पाहता येईल. असुरांनी पळवून नेलेल्या गोलू या भावाचा शोध घेणाऱ्या राजीची ही कथा दुर्गा आणि विष्णू यांच्या निवेदनातून उलगडते. राजस्थानी वास्तुकलेचा वापर, छायाबाहुल्यांतून सांगितलेल्या पूर्वकथा आणि रंगयोजना यांमुळे तो महाराष्ट्रात घडलेल्या खेळांत मानाचे स्थान मिळवितो. तो ‘अनरिअल’ या इंजिनावर उभा आहे. त्याचा कोड करार स्वीकारून पाहता येतो, पण तो मुक्तस्रोत नव्हे.

‘राजी’चे यश डोळ्यांना दिसते. कानाला मात्र तो प्रथम इंग्रजीतून भेटला. हिंदी आवाज २०२२ च्या सुधारित आवृत्तीत आले. हा दोष निर्मात्यांच्या निष्ठेचा नाही. जागतिक बाजारात तग धरण्यासाठी केलेली ती निवड आहे. परंतु त्यातून एक प्रघात पडतो. भारतीयत्व कमानी, जाळ्या, दागिने यांत शोधायचे आणि भाषा नंतर जोडायची. मांडव्यावरचा खेळ याच प्रघाताने झाला, तर त्यात धक्का, होड्या आणि दीपगृह सुंदर दिसतील. पण पात्रे बोलू लागताच किनारा संपेल. शीर्षक सुलेखनाने रेखाटून चित्र म्हणून चिकटविता येते. संवाद तसे चिकटविता येत नाहीत, कारण ते खेळणाऱ्याच्या निर्णयागणिक बदलतात. म्हणूनच चित्र झालेले अक्षर आणि अक्षर म्हणून वावरणारे अक्षर यांत समीक्षेने फरक करावयास हवा.

७. संभाव्य आक्षेप

यावर दोन आक्षेप घेतले जाण्याची शक्यता आहे. पहिला असा की, खेळणारी तरुण पिढी इंग्रजी समजते. मराठीचा आग्रह भावनिक आहे. समजणे आणि कल्पना करणे यांत अंतर आहे, हे त्याचे उत्तर. भरती-ओहोटी, वारा आणि मासळी यांविषयीची कोळी व आगरी बोलींतील शब्दसंपत्ती ही त्या जगाच्या नियमांचेच वर्णन आहे. तो शब्द गेला की नियमही ढोबळ होतो.

दुसरा आक्षेप असा की, यंत्र-भाषांतर आता सुलभ झाले आहे, तेव्हा हा प्रश्न आपोआप सुटेल. यंत्र मराठी वाक्य पुरवील. ते वाक्य पडद्यावर अखंड उमटविण्याचे काम इंजिनाचेच आहे. आडवा र ओळखणारा वाचकही लागेलच.

८. समारोप

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष मांडता येतात. (१) मुक्तस्रोत इंजिनाचे मूल्य ते विनामूल्य असण्यात नसून दुरुस्तीच्या अधिकारात आहे. (२) जीपीएलखालील खेळ आणि सैल परवान्याच्या इंजिनावरील बंद खेळ यांत वाचकाचा अधिकार सारखा राहत नाही. (३) २०२३ पासून गोदो व रेनपाय ही इंजिने मराठी मजकूर धारण करण्यास समर्थ झाली आहेत. तांत्रिक असमर्थतेची सबब आता पूर्वीइतकी टिकत नाही. (४) इंजिनाच्या परीक्षणात वेलांटी, रफार, आडवा र, ळ, मराठी वळणाचे ल व श आणि ओळ योग्य ठिकाणी मोडणे या गोष्टींची तपासणी अनिवार्य मानली जावी.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा आनंद रास्तच आहे. मात्र दर्जाने तुटलेले जोडाक्षर जुळत नाही. ते जुळविण्याचे काम संगणकशास्त्र आणि मराठी या दोन विभागांनी एकत्र बसून करावयाचे आहे. महाविद्यालयीन प्रकल्पांसाठी त्यापेक्षा अधिक उपयुक्त विषय शोधण्यास दूर जावे लागणार नाही. खांदेरीच्या मोहिमेची एक छोटी मोहीम वेसनॉथमध्ये लिहिणे, किंवा एका कोळी कुटुंबाची कथा रेनपायमध्ये बांधणे, हे एका सत्रात होण्याजोगे काम आहे. त्यात जी चूक आढळेल ती इंजिनाच्या कर्त्यांना कळविणे आणि जमल्यास स्वतः सुधारून पाठविणे, हाही त्या प्रकल्पाचा गुणांकनयोग्य भाग मानावा. मराठी विभागाने या कामात केवळ भाषांतरकाराची भूमिका न घेता परीक्षकाची भूमिका घ्यावी, अशी सूचना येथे नम्रपणे करावीशी वाटते.